कोलू पाटलानं तलाव कोणासाठी बांधला?

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्याच पाण्याचा आहे, म्हणून सवडीनं वाचा.

इटियाडोहचं पाणी उन्हाळी धानाला किती सोडायचं, यावर आपल्याकडे दरवर्षी वाद होतो. कालवा सल्लागार समितीची बैठक बसते. अर्जुनी मोरगाववाले बोलतात, लाखांदूरवाले बोलतात, वडसा-आरमोरीकडचे आपला हिस्सा मागतात. हेडवाल्यांचं म्हणणं वेगळं, टेलवाल्यांचं वेगळं. मासेमारी सोसायटीवाले म्हणतात, धरण पार खाली करू नका. पिण्याच्या पाण्याचा साठा आधी बाजूला काढा, असं अधिकारी सांगतात. या चर्चा मी पानठेल्यावरही ऐकल्या आणि बैठकीच्या दाराबाहेर उभं राहूनही ऐकल्या. प्रत्येकाच्या बाजूनं बोलणारा कोणी ना कोणी असतो.

एकाच पक्षाच्या बाजूनं कोणी नसतो. आजपासून पन्नास-साठ वर्षांनी याच नहरीवर धान लावणारा माणूस. तो अजून जन्मलाच नाही. त्याचं मत नाही, त्याचा आमदार नाही, तो मोर्चा काढू शकत नाही. पण आपण आज जे ठरवतो, ते त्यालाच भोगायचं आहे.

"जे जन्मलेच नाहीत त्यांचं काय देणं लागतो आपण?" असं कोणी विचारलं तर उत्तरासाठी पोथी किंवा परदेशी पुस्तक शोधायची गरज नाही. उत्तर आपल्या तालुक्यात, जमिनीवर लिहिलेलं आहे. फक्त थोडा इतिहास बघावा लागेल.

आधी बांध, मग धरण

इटियाडोह धरण 1970 चं. गाढवी नदीवर, गोठणगावजवळ. सुमारे तीस मीटर उंच आणि अर्ध्या किलोमीटरहून जरा जास्त लांब मातीचं धरण. गाढवी पुढे वैनगंगेला मिळते, आणि नहरीचं पाणी तीन जिल्ह्यांत फिरतं. आमच्या पिढीला वाटतं, सिंचन म्हणजे हेच.

पण याच तालुक्यात नवेगावबांध आहे. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा मानतात, म्हणजे तीनशे वर्षांच्या घरातला. डोंगरांच्या मधल्या फटी मातीच्या पाळींनी बुजवल्या आणि सुमारे 11 चौरस किलोमीटरचा तलाव उभा राहिला. तो कोलू पाटील कोहळी यानं बांधला, असं परंपरा सांगते. लोकांनी पुढे त्याला कोलासूर देव केलं, आणि तलावाभोवतीच्या एका टेकडीवर त्याचं ठाणं आहे. इंग्रजांच्या गॅझेटियरनंही ही गोष्ट नोंदवून ठेवली. कोहळी समाजाला चांद्याच्या गोंड राजानं काशीहून परतताना सोबत आणलं, अशी या समाजाची स्वतःची आठवण आहे. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर ग्रंथ छापला. त्यात कोहळ्यांची ओळखच वैनगंगेच्या खोऱ्यातले मोठे तलाव बांधणारे लोक अशी दिली आहे.

नवेगाव हा मोठा तलाव म्हणून प्रसिद्ध झाला. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात असे लहानमोठे साडेसहा हजारांहून जास्त तलाव सरकारी नोंदीत आहेत. त्यांनाच आपण आज मामा तलाव म्हणतो, माजी मालगुजारी तलाव. शिवाय शेतातल्या बोड्या वेगळ्या.

आता बघा, एका तलावानं किती राज्यं पाहिली. बांधला तेव्हा गोंडांचा अंमल. मग नागपूरकर भोसले आले. 1854 मध्ये इंग्रज आले, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. स्वातंत्र्यानंतर आपण मध्य प्रदेशात होतो. 1956 मध्ये मुंबई राज्यात गेलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात, आणि 1 मे 1999 ला भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. झेंडे बदलले, नकाशे बदलले, साहेब बदलले. पाळ तीच राहिली. ज्यानं पहिली टोपली माती टाकली, त्याला यातलं एकही नाव माहीत असायचं कारण नव्हतं.

ते काही साधुसंत नव्हते

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे जुन्या काळाची आरती ओवाळायची खोड आहे. मला ती ओवाळायची नाही.

तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळायची, गावाची पाटीलकी मिळायची. तलावाखाली धान आणि ऊस पिकायचा, त्यातून सारा यायचा आणि राजाचाही फायदा व्हायचा. म्हणजे स्वार्थ होता. आणि माती कोणी वाहिली? डोक्यावर टोपल्या नेणाऱ्या हजारो बायामाणसांपैकी एकाचंही नाव कुठं लिहिलेलं नाही. पाणी सगळ्यांना सारखं मिळत होतं, असंही नाही. आधी मालगुजाराची बांधी भिजायची. आणि पाणवठ्यावर कोणी हात लावायचा, कोणी नाही, हे जात ठरवायची. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तो याच देशातल्या एका तलावावर. पूर्वजांकडून आपल्याला पाणी आलं तसा हा अन्यायही वारशातच आला.

तरीही एक गोष्ट त्या व्यवस्थेत होती. तलाव बांधून काम संपत नाही, हे तिला ठाऊक होतं. ज्यांची शेती तलावाखाली, त्या घरांनी उन्हाळ्यात पाळीवर माती टाकायची, गाळ काढायचा, पाट साफ करायचे, अशी वहिवाट होती. तो गाळ शेतात जायचा, शेताला खत व्हायचं. धीवर समाज मासे धरायचा, आणि पाण्यावर पोट असल्यानं पाण्यावर नजरही ठेवायचा. मातीची पाळ दरवर्षी झिजते. म्हणून दरवर्षी कोणीतरी ती राखायची. तीनशे वर्षं तलाव टिकला म्हणजे शेकडो उन्हाळे कोणी ना कोणी त्यावर हात फिरवला.

माझ्या मते पुढच्या पिढीचं देणं हे असं दिसतं. एकदाच केलेला मोठा त्याग क्वचित कामाला येतो. वर्षातले चार दिवस, दरवर्षी, न चुकता दिलेले, हे जास्त कामाचं.

1951 ला काय गेलं

मालगुजारी संपवणारा मध्य प्रदेशचा कायदा 1950 चा, आणि 31 मार्च 1951 पासून मालगुजारांचे हक्क सरकारकडे गेले. जंगल, गावठाण, तलाव, सगळं. हे व्हायलाच हवं होतं. ज्यांच्या बापजाद्यांनी मालगुजाराच्या दारात वेठ केली, त्यांच्या नातवंडांसाठी तो कायदा म्हणजे मोकळा श्वास होता. तोही न जन्मलेल्यांसाठी घेतलेलाच निर्णय होता, आणि चांगला होता.

पण मालकीसोबत राखणही गेली. पुढे मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान जिल्हा परिषदेकडे अशी वाटणी झाली. पाळ फुटली तर आता गाव म्हणू लागलं, "सरकारचा तलाव आहे, सरकार पाहील." सरकारकडे तलाव हजारो, माणसं मोजकी आणि निधी त्याहून कमी. मालगुजाराचा दबाव गेला, त्याच्या जागी गावाची जबाबदारी यायला हवी होती. ती आली नाही. मधली जागा रिकामी राहिली, आणि रिकाम्या जागेत गाळ भरला, बेशरम वाढली, काठाकाठानं अतिक्रमण सरकत आत आलं.

यात कोणी एक खलनायक नाही. तलावाचं नुकसान हे कोणाच्या एका वाईट निर्णयानं झालं नाही. दरवर्षी करायचं ते काम कोणाच्याच वहीत लिहिलेलं नव्हतं, म्हणून झालं. आणि याची किंमत 1951 साली जे गावात बसले होते त्यांनी भरली नाही. ती आपण भरतोय. म्हणजे तेव्हाच्या हिशोबात ‘न जन्मलेले’ कोण होते? तुम्ही आणि मी.

मृत साठा कोणाचा?

आता परत इटियाडोहकडे येतो. धरणाच्या हिशोबात दोन शब्द असतात, उपयुक्त साठा आणि मृत साठा. नहरीचं दार ज्या पातळीला असतं, त्याच्या खालचं पाणी नहरीत येत नाही, तो मृत साठा. पेपरात धरणाची टक्केवारी येते ती उपयुक्त साठ्याची. मृत साठ्याकडे कोणी बघत नाही.

पण तो कशासाठी ठेवतात? मुख्यतः गाळासाठी. दरवर्षी नदी माती आणणार, ती कुठंतरी बसणार, म्हणून अभियंते पुढच्या अनेक दशकांच्या गाळाची जागा आधीच बाजूला काढून ठेवतात. सरकारी कागदात भविष्यातल्या माणसाचा हिस्सा प्रत्यक्ष मोजून ठेवल्याचं इतकं सरळ उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल.

गडबड एवढीच की गाळ शहाण्यासारखा तळाला जाऊन बसत नाही. धरणाचं पाणी जिथं सुरू होतं, तिथं वरच्या भागातही तो साचतो आणि उपयुक्त साठाच खातो. आणि किती गाळ येणार हे वरच्या जंगलावर ठरतं. झाडं गेली, उतारावर नांगर चालला, की गाळ वाढतो. म्हणजे आज गाढवीच्या पाणलोटात जो निर्णय होतो, त्याचा गाळ चाळीस वर्षांनी कोणाच्या तरी उन्हाळी धानातून वजा होतो.

नहरीवर हेड आणि टेल असतात. हेडवाल्यानं दार फोडून जास्त घेतलं की टेलच्या शेतात पाट कोरडा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि हेडवाला चूक आहे हेही कळतं. टेलवाला आपल्याला दिसत नाही, ओळखीचा नाही, म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही. काळाचंही तसंच आहे. आपण हेडवर आहोत. ते टेलवर आहेत. मला यात कुठंही अवघड तत्त्वज्ञान दिसत नाही.

काही जण विचारतील

"पुढचे लोक आपल्यापेक्षा श्रीमंत असतील, त्यांच्याकडे नवं तंत्र असेल. ते बघून घेतील." असतीलही. पण आपण 1951 वाल्यांपेक्षा श्रीमंत आहोत, आपल्याकडे जेसीबी आहे, पोकलेन आहे. तरी साडेसहा हजार तलावांचा गाळ निघाला का? राज्य सरकारनं 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, चांगलं केलं. पण मशीन आली म्हणून राखण आपोआप येत नाही. आणि नुसतं खोदून तलाव जिवंत होत नाही, ते पुढे सांगतो.

दुसरा प्रश्न जरा वाकडा आहे, पण अभ्यासू लोक तो विचारतात. धरण झालं नसतं तर घरं उठली नसती, लोक दुसरीकडे गेले नसते, सोयरिकी वेगळ्या झाल्या असत्या आणि वेगळीच मुलं जन्माला आली असती. मग आज जे आहेत, ते धरणाबद्दल तक्रार कशी करणार? धरण नसतं तर तेच नसते! ऐकायला चपखल वाटतं. पण टेलचं शेत आज रामाकडे असो की उद्या शामाकडे, हेडवाल्याचं कर्तव्य बदलत नाही. आपलं देणं एका ठरावीक नावाला नाही. त्या जागी जो कोणी उभा असेल, त्याला आहे.

आणि तो कोण असेल हे आपल्याला खरंच माहीत नसतं. धरण झालं 1970 ला. 1972 साली गोठणगाव परिसरात तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत झाली. तालुक्यात अरुणनगर, गौरनगर, संजयनगर अशी पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांची गावं आहेत. त्यांच्या नातवंडांचा जन्म इथलाच, पाणी इथलंच. कोलू पाटलानं स्वप्नात तरी पाहिलं असेल का, की आपल्या मुलखातल्या पाण्यावर एक दिवस तिबेटी आणि बंगाली बोलणारी घरंही नांदतील? म्हणून "आपल्या वंशासाठी, आपल्या जातीसाठी राखून ठेवा" हा विचार तोकडा आहे. पाणी पुढच्याला जातं, मग तो कोणाचाही लेक असो.

तिसरा प्रश्न सगळ्यात खरा. "आज ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याला तुम्ही शंभर वर्षांनंतरचं सांगता?" तलावाच्या पोटात अर्धा एकर धान लावणारा भूमिहीन माणूस काही चोर नाही. त्याला हाकलून "भावी पिढी"चं नाव घ्यायचं, आणि दुसरीकडे काठावर भराव टाकून प्लॉट पाडणाऱ्याला हात लावायचा नाही, हा ढोंगीपणा आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या तलावांवरची, सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं. पण त्याच निकालात भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी पट्टे दिले असतील तिथं, किंवा शाळा-दवाखाना असेल तिथं, अपवादाची वाट ठेवली. म्हणजे न्यायालयालाही कळतं की आजचा गरीब आणि उद्याचा माणूस यांना एकमेकांसमोर भांडायला उभं करायचं नसतं. उद्याचा हिस्सा आजच्या गरिबाच्या ताटातून काढला तर ते देणं फेडणं होत नाही. ज्याच्याकडे आज जास्त आहे, त्यानं आधी हात आखडावा.

आणखी एक निकाल सांगतो, दूरचा आहे. फिलिपिन्समध्ये काही लहान मुलांच्या वतीनं जंगलतोडीच्या परवान्यांविरुद्ध खटला भरला गेला. अर्जात लिहिलं होतं, आम्ही आमच्यासाठी आणि न जन्मलेल्या पिढ्यांसाठी आलो आहोत. 1993 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की हो, त्यांच्या वतीनं बोलता येतं. आपल्या घटनेत 51-क कलमात जंगल, तळी, नद्या जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. कायद्याची दारं उघडी आहेत. आत जाणारा पाहिजे.

आपल्याच तालुक्यात काम झालंय

निराश व्हायचं कारण नाही, कारण उदाहरणही घरचंच आहे. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांची ‘फीड’ ही संस्था धीवर समाजासोबत तलावांवर काम करते. शालू कोल्हे यांच्यासारख्या याच समाजातल्या बाया त्यात पुढे आहेत. त्यांनी काय केलं? बेशरम उपटली. पावसाआधी तलावाचा तळ नांगरला. पाण्यातल्या देशी वनस्पती शोधून आणून लावल्या, कारण मासा अंडी घालतो ती वनस्पतीच्या आडोशाला. नुसता रोहू-कतल्याचं बीज सोडून तलाव भरत नाही. वनस्पती आल्या, देशी मासे परतले, पक्षी आले.

हे ज्ञान कोणत्या पुस्तकातून आलं नाही. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा, हे जुन्या धीवर माणसांच्या डोक्यात होतं. ती माणसं गेली असती तर ज्ञानही गेलं असतं. पुढच्यांना द्यायच्या गोष्टींत पाण्याइतकंच हेही मोजा. तलाव दिला आणि तो जगवायची अक्कल दिली नाही, तर आपण त्यांना एक खड्डा दिला.

मग करायचं काय?

मोठ्या घोषणा नकोत. माझं म्हणणं चार गोष्टींचं आहे.

एक, गावातल्या प्रत्येक मामा तलावाची आणि बोडीची हद्द ग्रामसभेनं मोजून घ्यावी, दगड रोवावेत आणि नकाशा ग्रामपंचायतीत भिंतीवर लावावा. जे मोजलेलं नाही, ते आधी जातं.

दोन, दर उन्हाळ्यात पाळीचे दिवस ठरवावेत. रोजगार हमीतून मजुरी मिळते तिथं ती घ्यावी, नाही तिथं तलावाखाली ज्याची जितकी जमीन, त्याचा तितका वाटा. भूमिहिनाकडून फुकट वेठ नको. जुन्या व्यवस्थेतलं तेवढं सोडूनच द्यायचं.

तीन, मासेमारीचा ठेका देताना देशी मासे आणि वनस्पती राखायची अट घालावी, आणि त्यासाठी धीवर सोसायटीला पुरेशा वर्षांची हमी द्यावी. ज्याला पुढच्या वर्षी तलाव हातात राहील की नाही हे माहीत नाही, तो झाड लावणार नाही.

चार, इटियाडोहच्या पाणीवाटपाची बैठक होईल तेव्हा धरणात आजवर किती गाळ बसला, हा आकडाही टेबलावर मागावा. टक्केवारी आपण दरवर्षी विचारतो. गाळ विचारत नाही.

आणि प्रत्येक ठरावाच्या वेळी एकानं तरी उठून विचारावं, "याचा परिणाम 2075 ला काय?" लोक हसतील. हसू द्या. पण प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या.

कोलू पाटील लोकांच्या मनात देव झाला. आपल्याला देव व्हायची गरज नाही. आपली गत मात्र अशी होऊ नये, की 2075 ला कोणी पोरगा कोरड्या नहरीवर उभा राहून विचारेल, "हे माहीत असून गप्प बसलेले लोक कोण होते?"

येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या तलावाचा विषय टाका. पटलं तर गावच्या ग्रुपवर पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू. पण तलावावर भांडू.